पेट्रोलचे झाकण अडकले? आधी उचकटू नका

जुन्या गाड्या वापरणाऱ्या आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी

गाडी पंपावर लागली, मागे रांग आहे, तुम्ही लिव्हर ओढली आणि झाकण हललेच नाही. अशा वेळी कोणीतरी पेचकस पुढे करतो. कृपया तो घेऊ नका. या कामासाठी आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मूळ बिघाड किरकोळ असतो आणि उचकटल्यामुळे झालेले नुकसान त्याहून मोठे असते. झाकणाची कड वाकते, आजूबाजूचा रंग उडतो. आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत उघडा पडलेला पत्रा गंजायला वेळ लागत नाही. दहा-पंधरा वर्षे सांभाळलेल्या गाडीचे असे झालेले पाहवत नाही, म्हणून हे पत्रक.

सोयीसाठी बाहेरच्या पत्र्याच्या दाराला आम्ही झाकण म्हणतो आणि आत फिरवून लावायच्या बुचाला कॅप.

आत काय असते

जुन्या गाड्यांत बहुधा ड्रायव्हरच्या सीटशेजारी, खाली जमिनीलगत एक लिव्हर असते. तिथून एक पोलादी तार निघते. ती प्लॅस्टिकच्या आवरणातून, दाराच्या पायपट्टीखालून, कार्पेटच्या आणि मागच्या सीटच्या खालून डिकीच्या बाजूला जाते. तारेच्या टोकाला स्प्रिंगवर मागेपुढे होणारी एक पिन असते आणि झाकणाच्या आतली जीभ त्या पिनेत अडकते. लिव्हर ओढली की पिन मागे सरते.

पण पिनेचे काम फक्त सोडण्याचे. झाकण बाहेर ढकलण्याचे काम एक वेगळी पट्टीची स्प्रिंग करते. काही गाड्यांत ती झाकणामागे असते, काहींत बिजागरीत. ही स्प्रिंग मऊ पडली किंवा तुटली, तर पिन सुटूनही झाकण जागेवरच बसून राहते. बघणाऱ्याला वाटते केबल गेली. प्रत्यक्षात केबल धडधाकट असते आणि काम थोडक्यात होते.

लिव्हर हाताला कशी लागते

फोन करण्यापूर्वी एवढे तपासलेत तर आमचा आणि तुमचा, दोघांचाही वेळ वाचेल. एकाला झाकणाजवळ उभे करा आणि तुम्ही लिव्हर सावकाश ओढा.

लिव्हर नेहमीसारखी लागली आणि मागून ‘टक्’ असा आवाज आला, तर पिन सरकते आहे. दोष ढकलणाऱ्या स्प्रिंगचा, बिजागरीचा किंवा झाकणाच्या बसणीचा असणार. मागच्या बाजूचे डेंटिंग-पेंटिंग झाल्यानंतर झाकण अडकू लागले असेल, तर आधी बसणीवरच शंका घ्या. झाकणाच्या कडेला आतून एक छोटा रबरी गुटका असतो. रंगकामात तो काढतात आणि पुन्हा लावायचा राहतो. मग झाकण नको तितके आत बसते आणि अडकते.

लिव्हर अगदी सैल, काहीच न ओढल्यासारखी वर आली, तर तार तुटली आहे किंवा एका टोकाने निसटली आहे. काही वेळा तार ठीक असते, पण तिचे बाहेरचे आवरण त्याला धरून ठेवणाऱ्या पकडीतून (क्लॅम्पमधून) सुटलेले असते. अशा वेळी ओढ पिनेपर्यंत पोहोचतच नाही.

लिव्हर जड लागली, तर थांबा. जोर लावू नका. आवरणात पाणी शिरून तार गंजली आहे किंवा पिन धुळीने जाम झाली आहे. यात जोर लावला की तार किंवा प्लॅस्टिकची लिव्हर तुटते आणि तेल-ग्रीसने भागणारे काम केबल बदलण्यावर जाते.

सीएनजीवाल्यांनी आणि उभ्या गाडीवाल्यांनी खास वाचावे

झाकण अडकण्याचे आम्हाला सर्वाधिक दिसणारे कारण म्हणजे ते उघडलेच न जाणे. सीएनजी किट लावलेल्या गाडीत पेट्रोल लागते ते मुख्यतः सुरू करण्यापुरते, त्यामुळे महिनोन्महिने झाकणाला हात लागत नाही. दुसरा प्रकार इथल्या बंगल्यांत ठेवलेल्या मुंबईकरांच्या गाड्यांचा. जूनमध्ये ताडपत्री चढते ती थेट दिवाळीला उतरते. चार महिने दमट, खारी हवा त्या पिनेवर बसते आणि पिन आहे त्या जागी धरते. गाडी चालो वा उभी राहो, आठवड्यातून एकदा लिव्हर ओढून झाकण उघडा आणि लावा. याला खर्च काहीच नाही.

पंपावरच अडलात तर

एकाने लिव्हर ओढून धरावी. दुसऱ्याने पिनेच्या बाजूला, म्हणजे बिजागरीच्या विरुद्ध कडेला, तळहाताने झाकण हलकेच आत दाबून सोडावे. दाबल्यावर जिभेचा पिनेवरचा ताण कमी होतो आणि अडकलेली पिन सरकते. पिन सुटली आहे पण झाकण बाहेर येत नाही असे वाटले, तर जुने प्लॅस्टिकचे कार्ड फटीत सरकवून झाकण अलगद पुढे घ्यावे. लोखंडी वस्तू वापरू नये.

एवढ्याने जमले नाही तर रांगेतून बाजूला व्हा आणि गाडी थेट गॅरेजला आणा. डिकीत, झाकणाच्याच बाजूचे लायनिंग (पत्र्यावरचे आतले आच्छादन) सोडवले की बऱ्याच गाड्यांत पिनेपर्यंत हात जातो आणि ती आतून मागे ओढता येते. घरी करणार असाल तर लायनिंगच्या क्लिपा सावकाश काढा. जुने प्लॅस्टिक कडक होऊन तडकते. आत हात घालताना पत्र्याच्या धारेने कापते, म्हणून हातमोजे हवेतच.

तुमची गाडी थोडी नवी असेल आणि झाकण सेंट्रल लॉकवर चालत असेल, तर तिथे केबलऐवजी छोटी मोटर असते. दोन-तीनदा लॉक-अनलॉक करून पाहा, मग फ्यूज तपासा. काही गाड्यांत याच अडचणीसाठी डिकीत ओढायची दोरी दिलेली असते. गाडीच्या पुस्तिकेत तिची जागा दाखवलेली असते.

दोन गोष्टींत तडजोड नको

पहिली गोष्ट आगीची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि एका ठिणगीने पेटते. या भागाजवळ ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग, लायटर, सिगारेट काहीही चालणार नाही. ‘झाकण कापून काढतो’ असे कोणी म्हणाले तर गाडी तिथून हलवा.

दुसरी गोष्ट टाकीतल्या पेट्रोलची. झाकण उघडत नाही म्हणून काही जण काटा लाल रेषेवर असतानाही दिवस ढकलतात. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांत इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप टाकीतच असतो आणि टाकीतल्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. सतत तळाशी चालवल्यास पंप तापतो आणि लवकर जातो. सीएनजीच्या गाड्यांतही पंपाचे असेच नुकसान होते. जुन्या डिझेल गाडीत टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. झाकणाच्या दुरुस्तीपेक्षा पंप बदलणे महागात पडते.

आम्ही काय करतो आणि मजुरी कशाची

पिन नुसती जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून, पुसून, पांढरे ग्रीस लावतो. इंजिन ऑइल लावत नाही, कारण त्यावर धूळ चिकटते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच होते. त्याच वेळी कॅपभोवतीच्या वाटीतले पाणी जाण्याचे भोक मोकळे करतो. ते चिखलाने बुजले की पावसाचे पाणी तिथेच साचते आणि बिजागरी गंजते. कॅपची रबरी रिंगही पाहतो, चिरली असेल तर बदलायला सांगतो.

केबल बदलायची असेल तर वेळ लागतो. ‘एवढ्याशा तारेला इतकी मजुरी?’ हा प्रश्न रास्त आहे. पण त्या तारेसाठी पायपट्ट्या, मागच्या सीटची बैठक आणि डिकीचे लायनिंग काढावे लागते आणि सगळे पूर्वीसारखे, खडखड न होता बसवावे लागते. जुनी केबल काढताना तिच्या टोकाला दोरी बांधतो, म्हणजे नवी त्याच वाटेने जाते आणि सीटच्या रुळात सापडत नाही. तार आणि आवरण दोन्ही एकत्रच बदलतो. गंजलेल्या आवरणात नवी तार घालणे म्हणजे तुमचे पैसे वाया घालवणे.

तुमच्या गाडीत डिकीची लिव्हर शेजारीच असेल, तर कार्पेट उघडलेले असताना तीही केबल तपासून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. काढलेले जुने सामान तुमच्या हातात देतो.

फोनवर गाडीचे मॉडेल, वर्ष, सीएनजी आहे की नाही आणि लिव्हर सैल, जड की नेहमीसारखी लागते, एवढे सांगा. केबल लागणार असे वाटले तर आम्ही ती आधी मागवून ठेवतो. म्हणजे लायनिंग उघडून गाडी अडकून पडत नाही.