राष्ट्रपतींचे अभिभाषण: मते कोणाची?
संसदेतील अभिभाषणात राष्ट्रपती देशाच्या अर्थस्थितीविषयी जे सांगतात ते त्यांचे स्वतंत्र मूल्यमापन असते, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे. वस्तुस्थिती तशी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८७ नुसार लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या आणि प्रत्येक वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी होणाऱ्या या अभिभाषणाचा मसुदा सरकार तयार करते, मंत्रिमंडळ त्याला मंजुरी देते आणि राष्ट्रपती तो वाचून दाखवतात. ‘माझे सरकार’ हा त्यातील शब्दप्रयोग (गफलत बहुधा इथेच होते) निव्वळ घटनात्मक रूढीचा आहे. म्हणूनच आभारप्रस्तावावरील (अभिभाषणाबद्दल राष्ट्रपतींचे आभार मानणाऱ्या संसदेतील प्रस्तावावरील) चर्चेत टीका होते ती सरकारवर आणि तिला उत्तर देतात ते पंतप्रधान. २०१५ मध्ये तर या प्रस्तावाला काळ्या पैशाच्या मुद्द्यावरील दुरुस्ती विरोधकांनी राज्यसभेत मंजूर करून घेतली, तेव्हा नामुष्की ओढवली ती सरकारवर, राष्ट्रपतींवर नव्हे.