चंद्राची फेरी २७ दिवसांची, मग पौर्णिमा उशिरा का?

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं. सोसायटीतली सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, पुस्तकात चंद्राची फेरी २७.३ दिवसांची आहे आणि पौर्णिमा येते साडेएकोणतीस दिवसांनी. खरं कुठलं?" प्रश्न मला फार आवडला, कारण मोठी माणसंही हे दोन महिने सर्रास एकच समजतात.

दोन्ही खरे आहेत. कृत्तिका या तारकापुंजापासून निघालेला चंद्र पुन्हा कृत्तिकांपाशी आला की २७.३ दिवस होतात. हा नाक्षत्र मास. रोज साधारण एक नक्षत्र, म्हणून नक्षत्रं २७. अमावास्या ते अमावास्या हा चांद्रमास मात्र सूर्याशी बांधलेला आहे आणि सूर्याभोवती पृथ्वी स्वतःच फिरते आहे.

तिला मी श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी आठवायला सांगितली. वडील डोंगराला प्रदक्षिणा घालत चाललेत आणि पोरगं त्याच दिशेनं वडिलांभोवती गिरक्या घेतंय. पोरगं बरोबर वडील आणि डोंगर यांच्या मधे आलं, ती अमावास्या समजा. तिथून त्यानं एक पुरती गिरकी घेतली, पण तेवढ्यात वडील पुढे सरकले आणि डोंगराची दिशा बदलली. पुन्हा मधे यायचं तर पोराला आणखी थोडं धावावं लागतं. आकाशात तेच होतं. २७.३ दिवसांत पृथ्वी सुमारे २७ अंश पुढे जाते. चंद्र दिवसाला १३ अंश चालतो. ती तूट भरायला दोन दिवसांहून थोडे जास्त जातात.

आपल्या महिन्यांची नावं याचीच साक्ष देतात. पौर्णिमेचा चंद्र कार्तिकात कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगाजवळ, पौषात पुष्याजवळ, माघात मघांजवळ. दर पौर्णिमेला दोन-तीन नक्षत्रं पुढे. दोन्ही महिने सारखेच असते, तर प्रत्येक पौर्णिमा एकाच नक्षत्रात आली असती आणि या नावांना अर्थच उरला नसता. हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ग्रहांनाही अशी दोन मापं लागू पडतात. गुरू सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांत पुरी करतो आणि नाशिकचा सिंहस्थ, म्हणजे गुरू सिंह राशीत आल्यावर भरणारा कुंभमेळा, या मापावर चालतो. पण सूर्याच्या बरोबर समोर तो सुमारे ३९९ दिवसांनी येतो. तेव्हा आतल्या कक्षेतली वेगवान पृथ्वी त्याला मागे टाकते आणि तो वक्री, म्हणजे उलटा चाललेला भासतो. गेल्या सिंहस्थाचं ध्वजारोहण १४ जुलै २०१५ ला झालं, या वेळचं ३१ ऑक्टोबर २०२६ चं. अंतर जेमतेम सव्वाअकरा वर्षांचं, म्हणून काहींना गणित चुकल्यासारखं वाटतं. ते चुकलेलं नाही. गुरू ऑक्टोबरअखेर सिंहेत येतो, वक्री होऊन जानेवारी २०२७ मध्ये कर्केत मागे जातो आणि जूनअखेर पुन्हा सिंहेत शिरतो. तो दुसरा प्रवेश धरला तर बारा वर्षं जवळजवळ भरतात.

चंद्राचा फरक डोळ्यांनी बघता येतो. कार्तिकी पौर्णिमेला चंद्राजवळ कृत्तिका शोधा. चांदण्यात त्या फिक्या पडतात, त्यामुळे साधी दुर्बीण हाताशी असू द्या, जमलं तर शहराचे दिवे सोडून नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडे जा. बरोबर २७ दिवसांनी पुन्हा बघा. चंद्र परत कृत्तिकांपाशी आलेला असेल, पण अजून दोन-अडीच दिवस भरायचा बाकी असेल.