बॅलिनाहिंच कॅसल

बॅलिनाहिंच कॅसल : आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, गॉलवे परगण्याच्या कॉनेमारा भागातील जमीनदारी वाडा. 'ट्वेल्व्ह बेन्स' या डोंगररांगेतील बेनलेटरीच्या पायथ्याशी, ओवेनमोर नदीच्या काठावर तो उभा आहे. १९४६ पासून येथे हॉटेल चालते. मूळ आयरिश नावाचा अर्थ 'बेटाचे गाव' असा आहे. हे बेट वाड्याजवळच्या तळ्यात असून त्यावर ओफ्लाहर्टी सरदारांच्या जुन्या गढीचे अवशेष अजून दिसतात. उत्तरेकडील डाउन परगण्यातही बॅलिनाहिंच नावाचे गाव आहे. १७९८ च्या उठावातली लढाई झाली ती तिकडे. या वाड्याशी तिचा संबंध नाही.

नावात 'कॅसल' असले तरी हा किल्ला नव्हे. छताच्या कडेचे दातेरी कठडे केवळ शोभेचे आहेत आणि त्यांच्याआडून कधी तोफ डागली गेली नाही. डब्लिनच्या आसपासच्या कॅसलटाउन, पॉवर्सकोर्ट यांसारख्या प्रासादांशी तुलना केली, तर ही इमारत साधीच म्हणावी लागेल. मोठी होती ती तिच्याभोवतीची जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या वाड्याच्या मालकीत सुमारे २ लाख एकर क्षेत्र होते, म्हणजे आजच्या बृहन्मुंबईहून अधिक. अर्थात त्यातले बहुतेक क्षेत्र म्हणजे दगड, दलदल, तळी आणि पीटची ओली काळी माती. या जमिनीतून भाडे काढता येत नव्हते आणि तिचा मोह सुटत नव्हता, या कात्रीत इथले बहुतेक मालक सापडले.

सोळाव्या शतकापर्यंत हा प्रदेश ओफ्लाहर्टी घराण्याचा होता. बॅलिनाहिंच आणि समुद्राकाठचे बनोवन ही त्यांची ठाणी. याच घराण्यातल्या डोनल ओफ्लाहर्टीशी ग्रॅन्या नी वाल्या हिचा विवाह झाला. इंग्रजांनी 'ग्रेस ओमॅली' म्हणून नोंदवलेली, स्वतःची गलबते बाळगणारी आणि पुढे राणी पहिल्या एलिझाबेथला समोरासमोर भेटलेली ही स्त्री पश्चिम आयर्लंडच्या लोककथांत आजही नांदते. सतराव्या शतकातील इंग्लिश सेनानी क्रॉमवेलच्या स्वारीनंतर जमिनी जप्त होऊन त्यांची नव्याने वाटणी झाली आणि ओफ्लाहर्टींचा मोठा मुलूख मार्टिन घराण्याकडे गेला. मार्टिन हे गॉलवे शहरातील व्यापारी. तिथल्या प्रसिद्ध चौदा घराण्यांपैकी एक. त्यांच्यातला रिचर्ड मार्टिन हा वकील 'चपळ डिक' म्हणून ओळखला जाई. कॅथलिक असल्यामुळे आणि इंग्लंडच्या गादीच्या झगड्यात पराभूत झालेल्या जेम्स राजाच्या बाजूला राहिल्यामुळे त्याने सारे गमावायला हवे होते. प्रत्यक्षात त्याने विजेत्या तिसऱ्या विल्यमकडून १६९८ मध्ये जमिनीची सनद मिळवली. टोपणनाव सार्थ होते.

सध्याची इमारत अठराव्या शतकातली. चपळ डिकच्या वंशातील रॉबर्ट मार्टिन याने येथे सराईवजा घर बांधले आणि त्याच्या मुलाने त्याचे राहते घर केले, असे सांगतात. हा मुलगा म्हणजे दुसरा रिचर्ड मार्टिन (१७५४–१८३४). या वाड्याच्या मालकांत सर्वांत गाजलेला तोच. कॅथलिकांना तेव्हा संसदेत बसता येत नसे, म्हणून वडिलांनी त्याला प्रॉटेस्टंट म्हणून वाढवले. हॅरो आणि केंब्रिज येथे शिकून तो आधी डब्लिनच्या आणि १८०१ पासून लंडनच्या संसदेत गॉलवेचा प्रतिनिधी म्हणून बसला. कॅथलिकांच्या हक्कांची बाजू मात्र त्याने आयुष्यभर मांडली.

तरुणपणी त्याची ख्याती द्वंद्वयुद्धांची होती. 'हेअरट्रिगर डिक', म्हणजे चाप ओढायला क्षणही न लावणारा, असे त्याला म्हणत. यांपैकी एका द्वंद्वाचे मूळ पुढच्या आयुष्याची चाहूल देणारे आहे. जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेरल्ड नावाच्या दांडगट जमीनदाराने वेस्टपोर्टच्या वाड्यातला एक पाळीव शिकारी कुत्रा गोळी घालून मारला होता आणि मार्टिनने त्याबद्दल त्याच्यावर पिस्तूल रोखले. १८२२ मध्ये मार्टिनच्या प्रयत्नाने गुरांना क्रूर वागणूक देण्यास मनाई करणारा कायदा लंडनच्या संसदेत मंजूर झाला. घोडे, गाईबैल, मेंढ्या यांना निर्दयपणे मारणाऱ्यास ५ पौंडांपर्यंत दंड, आणि तो न भरल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. कायदा करून तो थांबला नाही. लंडनच्या रस्त्यांवर फिरून तो स्वतः गाडीवाल्यांना पकडून न्यायालयात नेई. एका खटल्यात त्याने मार खाल्लेले गाढवच साक्षीला उभे केले, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. वर्तमानपत्रांनी त्याची टिंगल केली. राजा चौथा जॉर्ज याने त्याला 'ह्युमॅनिटी डिक' हे नाव दिले आणि तेच टिकले. १८२४ मध्ये लंडनमधील एका कॉफीगृहात प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत आर्थर ब्रूम आणि विल्यम विल्बरफोर्स यांच्याबरोबर मार्टिनही होता. याच प्रकारची संस्था मुंबईत १८७४ मध्ये निघाली आणि तिच्याकडून परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल' उभे राहिले. परळकरांच्या तोंडी असलेल्या या नावाचे एक दूरचे मूळ असे कॉनेमारात सापडते.

कॉनेमारात तर मार्टिनला संसदेच्या कायद्याचीही गरज नव्हती. जनावराला छळणाऱ्या कुळाला तो तळ्यातल्या बेटावरच्या जुन्या गढीत कोंडून ठेवी, असे स्थानिक लोक सांगत. राजाचा हुकूम या डोंगरांत चालत नाही, चालतो तो मार्टिनचा, अशी त्या काळची म्हण होती. दयाळू माणसाचा तुरुंग झाला तरी तो तुरुंगच. पण कुळांनी या आठवणी बहुधा कौतुकानेच जपल्या. हिशेब ठेवणे मात्र त्याला कधीच जमले नाही. १८२६ च्या निवडणुकीतील त्याचा विजय तक्रारीनंतर रद्द झाला आणि १८२७ मध्ये खासदारकी गेली. खासदाराला कर्जासाठी अटक करता येत नसे. ते कवच जाताच सावकारांना चुकवून तो फ्रान्समधील बूलोन्य येथे गेला आणि ६ जानेवारी १८३४ रोजी तिथेच वारला.

त्याचा मुलगा टॉमस आणि नात मेरी लेटिशिया यांच्या वाट्याला जमिनीसह कर्जही आले. दुर्गम भागातल्या या घरात मेरीने अनेक भाषा आत्मसात केल्या. कुळांशी ती आयरिश भाषेत बोले. १८३३ मध्ये येथे मुक्काम केलेल्या मराया एजवर्थ या लेखिकेला ही मुलगी मोठी विलक्षण वाटली. 'कॉनेमाराची राजकन्या' असे तिला म्हणत.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. कॉनेमारातील कुळांचे पोट जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर होते. ओल्या, आम्लयुक्त मातीत एवढ्या माणसांना जगवणारे दुसरे पीक नव्हते. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. खंड येणे थांबले, तरी टॉमस मार्टिनने मदतीवर खर्च चालू ठेवला. क्लिफडेनच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहात, आपल्या कुळांना पाहायला गेला असताना त्याला तापाची लागण झाली आणि १८४७ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मेरीने आर्थर गॉन बेल याच्याशी विवाह केला; त्याने मार्टिन हे आडनाव घेतले, पण कर्ज त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. जमीन 'लॉ लाइफ' या लंडनच्या विमा कंपनीकडे गहाण होती. दोघे बेल्जियमला गेले. मेरी लेखनावर चरितार्थ चालवू लागली. १८५० मध्ये अमेरिकेला जाताना तिला जहाजावरच प्रसूती झाली आणि न्यूयॉर्कला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत तिचा मृत्यू झाला. दुष्काळात घर सोडून अमेरिकेच्या वाटेवर मेलेल्या असंख्य कुळांसारखाच हा शेवट. फरक इतकाच की तिचे नाव नोंदले गेले.

१८४९ च्या कायद्यानुसार कर्जात बुडालेल्या जमीनदाऱ्या विकण्यासाठी खास न्यायालय स्थापन झाले. बॅलिनाहिंचला योग्य गिऱ्हाईक मिळेना, म्हणून १८५२ मध्ये गहाणदार विमा कंपनीनेच ती घेतली. कंपनीचा काळ थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. संचालक लंडनला, व्यवहार एजंटांच्या हाती, आणि नजर फक्त थकबाकीवर. मार्टिनांच्या अव्यवस्थेला निदान चेहरा होता. १८७२ मध्ये रिचर्ड बेरिज या लंडनच्या बिअर कारखानदाराने ही जमीनदारी विकत घेतली. १८७६ च्या सरकारी जमीन-नोंदीत त्याच्या नावावर १ लाख ७० हजारांहून अधिक एकर होते. क्षेत्राच्या हिशेबाने तो आयर्लंडमधला सर्वांत मोठा जमीनदार ठरला. उत्पन्नाच्या यादीत मात्र याहून कितीतरी लहान जमीनदाऱ्या त्याच्या पुढे होत्या.

हा डोलारा कोसळला तो कायद्याने. १८७९ पासूनच्या कूळ-चळवळीनंतर ब्रिटिश सरकारने एकामागून एक जमीन कायदे केले, त्यांपैकी १९०३ चा सर्वांत परिणामकारक. आपल्याकडच्या कूळकायद्याशी त्याचे साम्य वरवरचे आहे. आयर्लंडमध्ये सरकारने कुळांना दीर्घ मुदतीचे कर्ज देऊन जमीनदाराकडून जमीन विकत घ्यायला लावली आणि वर जमीनदाराला विक्रीसाठी बक्षीसही दिले. पश्चिमेकडील दरिद्री भागांसाठी १८९१ मध्ये वेगळे मंडळ नेमले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बेरिज घराण्याची बहुतेक जमीन त्या मंडळामार्फत कुळांकडे गेली. शिल्लक राहिला तो वाडा, भोवतीची झाडी आणि नदी. शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी प्रदेशातली ही नदी सामन आणि सी-ट्राउट माशांसाठी मात्र उत्तम होती, आणि पुढचा प्रत्येक मालक आला तो तिच्यासाठी.

१९२० ते १९२३ या काळात स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवी युद्धात आयर्लंडमधील पावणेतीनशेच्या आसपास जमीनदारी वाडे जाळले गेले. जुनी घराणी सामानसुमान विकून इंग्लंडला निघाली होती. अशा वेळी, १९२४ मध्ये, बॅलिनाहिंचला आलेला नवा मालक सौराष्ट्रातील नवानगर संस्थानचा राजा, म्हणजे जामसाहेब, होता : कुमार रणजितसिंहजी (१८७२–१९३३), ज्यांच्या नावाचा करंडक १९३४ पासून खेळला जातो आणि ज्याचा पहिला विजेता मुंबईचा संघ ठरला. १८९६ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडतर्फे पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद १५४ धावा काढणारे रणजी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. १९१५ मध्ये यॉर्कशरमध्ये शिकारीच्या वेळी छर्रा लागून त्यांचा उजवा डोळा गेला होता. बंदुकीपेक्षा गळ बरा असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. सावकारांचा तगादा त्यांनाही अनोळखी नव्हता. १९०७ मध्ये गादी मिळण्यापूर्वीची इंग्लंडमधली त्यांची वर्षे बरीचशी उधारीवर गेली होती.

दर उन्हाळ्यात ते लवाजम्यासह येत. नदीकाठी त्यांनी मासेमारीसाठी दगडी धक्के आणि निवाऱ्याच्या खोल्या बांधून घेतल्या, बाग आणि रानवाटा वाढवल्या. त्यातून आसपासच्या लोकांना रोजगार मिळाला, आणि कॉनेमारात त्या काळी रोजगार दुर्मीळच होता. जवळच्या कायलमोर येथे बेल्जियममधून निर्वासित होऊन आलेल्या बेनेडिक्टाइन जोगिणींनी मुलींची शाळा काढली होती. जामसाहेबांच्या पुतण्या तिथे शिकल्या. ब्रिटिश जमीनदारांना कंटाळलेल्या मुलखात ब्रिटिशांच्याच मर्जीतला हा संस्थानिक लोकप्रिय कसा झाला, याचे उत्तर सरळ आहे : त्यांची तिथे कुळे नव्हती. कोणाकडून खंड घ्यायचा नव्हता, उलट मजुरी द्यायची होती. नवानगरच्या शेतकऱ्यांना आपला राजा असाच दिसत असेल असे नाही. घराचा इतिहास सांगताना ही दुसरी बाजू सहसा राहून जाते.

२ एप्रिल १९३३ रोजी जामनगरला रणजितसिंहजींचे निधन झाले. वारस पुतणे दिग्विजयसिंहजी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जामनगरजवळच्या बालाछडीला पोलिश मुलांची छावणी वसवणारे जामसाहेब. यांतली बरीच मुले नंतर कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आली, त्यामुळे करवीरकरांना हे नाव परके नाही. आयर्लंडमधला वाडा त्यांनी ठेवला नाही. तो डब्लिनच्या मॅककॉर्मॅक कुटुंबाने घेतला. १९३५ मध्ये गॉलवे–क्लिफडेन रेल्वेही बंद पडली. १८९५ पासून चाललेल्या या मार्गावर बॅलिनाहिंचचे स्वतःचे स्थानक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर आयरिश पर्यटन मंडळाने वाडा विकत घेऊन १९४६ मध्ये हॉटेल सुरू केले. स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारला कॉनेमारात परदेशी पाहुणे हवे होते आणि त्यांना उतरायला जागा तर फारशी नव्हती. पुढे ते खासगी मालकीत गेले. एडवर्ड बॉल या अमेरिकन धनिकाकडे काही काळ होते, आणि २०१० नंतरच्या दशकात ते आयरिश उद्योजक डेनिस ओब्रायन यांनी घेतले. आता सोबत उरलेली जमीन काही शे एकरांची आहे.

नदीतली कमाईही पूर्वीची राहिलेली नाही. १९८९–९० च्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सी-ट्राउटची संख्या एकाएकी कोसळली. खाड्यांतील सामनपालनातून पसरणाऱ्या समुद्री उवांकडे नदीकाठचे लोक बोट दाखवतात, पालन करणारे ते मान्य करत नाहीत. ओवेनमोरवर मात्र नदीचे पट्टे पाडून दिवसाच्या हिशेबाने गळ टाकायचा परवाना अजून विकला जातो.