बर्लिनची नाकेबंदी आणि नोटेवर चिकटवलेलं तिकीट

१९४८-४९ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनकडे जाणाऱ्या जमिनीवरच्या वाटा अडवल्या, ती बर्लिनची नाकेबंदी. तिचं नाव काढलं की सगळ्यांना ती विमानं आठवतात, पीठ आणि कोळसा घेऊन उतरणारी. पण भांडण पेटलं ते नोटांवरून, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

१९४५ ला युद्ध संपलं, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांच्यात जर्मनीचे चार तुकडे झाले, रशियाच्या हद्दीत आलेल्या बर्लिनचेही चार, पण चलन सगळीकडे जुनंच, राइशमार्क. नाझी सरकारने युद्धाचा खर्च भागवायला नोटा भरमसाठ काढलेल्या आणि भाव मात्र १९३६ पासून कायद्याने गोठवलेले, त्यामुळे झालं असं की लोकांकडे नोटांची बंडलं आणि दुकानात फळ्या रिकाम्या. याला दाबलेली महागाई म्हणतात, म्हणजे ताप आहेच पण थर्मामीटर दाबून धरलाय. मग लोकांनी अमेरिकन सिगारेटलाच पैसा मानलं, कारण सिगारेट मोजता येते, खिशात मावते आणि कोणतंही सरकार ती रातोरात छापू शकत नाही.

त्यात भर म्हणजे दोस्त राष्ट्रांनी सैन्यासाठी स्वतःचे वेगळे मार्क काढलेले. १९४४ ला अमेरिकेने त्यांच्या छपाईच्या प्लेटा रशियाला देऊन टाकल्या, रशियाने मनाला येईल तेवढ्या नोटा छापल्या आणि सैनिकांचा थकलेला पगार त्यातच चुकता केला. ही नोट ओळखायची खूण काय, तर नंबराच्या आधी एक बारीकशी आडवी रेघ, बस्स. एकदा हात पोळल्यावर अमेरिका परत प्लेटा थोडीच देणार!

त्यामुळे नव्या चलनाची चर्चा अडकली ती छापखान्यावर. रशिया म्हणे, प्लेटांचा एक सेट आमच्या हद्दीत, लाइपझिगला हवा. अमेरिका म्हणे, छपाई एकाच ठिकाणी, बर्लिनच्या सरकारी छापखान्यात, चौघांच्या पहाऱ्यात (हा छापखाना होता अमेरिकन विभागात, म्हणजे बघा). वाचताना पोरकट वाटतं, पण चलन एक आणि छापणारे दोन असले की एकजण नुसता कागद देऊन दुसऱ्याच्या हद्दीतला खरा माल उचलू शकतो.

शेवटी अमेरिकेने गुपचूप आपल्याकडे नोटा छापल्या आणि बार्सिलोनाचा पत्ता टाकून सुमारे २३,००० पेट्या ब्रेमरहाफेन बंदरात उतरवल्या. त्या नोटांवर ना बँकेचं नाव ना कुणाची सही, कारण छपाई सुरू झाली तेव्हा त्या काढणारी मध्यवर्ती बँकच जन्मली नव्हती. २० मार्च १९४८ ला रशियाचे मार्शल सोकोलोव्स्की चौघांच्या बैठकीतून उठून गेले, आणि २० जूनला पश्चिम जर्मनीत हे नवं चलन, माणशी ४० डॉइशमार्क, वाटलं गेलं, बर्लिन मात्र मुद्दाम वगळून.

२२ जूनला बर्लिनसाठी शेवटची बोलणी झाली, फिसकटली. दुसऱ्या दिवशी रशियाने आपला नवा मार्क जाहीर केला, तोही सगळ्या बर्लिनसाठी, पण नव्या नोटा तयारच नव्हत्या! मग जुन्याच राइशमार्कवर एकेक छोटं तिकीट डिंकाने चिकटवलं, झाला नवा मार्क. लोकांनी त्याला टापेटेनमार्क म्हटलं, वॉलपेपर मार्क. २४ तारखेला पश्चिमेने, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने, बर्लिनमधल्या आपल्या विभागांत 'बी' (बर्लिनचा बी) शिक्क्याचे डॉइशमार्क आणले आणि त्याच दिवशी रशियाने रेल्वे, रस्ते, कालवे बंद केले.

आता पश्चिम बर्लिनमध्ये दोन्ही मार्क चालायचे, रेशन पूर्वेच्या मार्कमध्येही घेता यायचं, मग कोण शहाणा डॉइशमार्क खर्च करेल? चांगला पैसा गादीखाली, वाईट बाजारात. ग्रेशमचा नियम याहून सोप्या भाषेत कुठे दिसणार नाही.

आणि विमानं ये-जा करत असताना पश्चिमेने ऑगस्टमध्ये मॉस्कोत चक्क मान्य केलं होतं की बर्लिनमध्ये फक्त पूर्वेचाच मार्क चालेल, अट एवढीच की त्या मार्कवर ताबा चौघांचा. ३० ऑगस्टला तसा आदेश बर्लिनला गेला पण ताबा म्हणजे नेमका किती यावर चार सेनापतींचं जमेना, आठवडाभरात सगळं बारगळलं. मार्च १९४९ मध्ये पश्चिम बर्लिनने पूर्वेचा मार्क अधिकृत चलनातून काढून टाकला.

१२ मे ला नाकेबंदी उठली. पण शहरभरची रेल्वे रशियाच्या ताब्यात होती आणि पश्चिमेत राहणाऱ्या रेल्वे कामगारांना पगार मिळायचा पूर्वेच्या मार्कमध्ये. त्याच महिन्यात त्यांनी संप केला, आणि गाड्या पुन्हा थांबल्या.