डॉक्टर सांगतात ते आणि केस पेपर सांगतो ते

छत्रपती संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचं स्वाराती असो की नांदेडचं विष्णुपुरी, या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या निवासी डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक गुगल फॉर्म येऊन पडतो. ‘सर, मॅडम, थिसिससाठी फक्त पाच मिनिटं द्या.’ एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येकाला थिसिस लिहावाच लागतो, आणि त्यासाठी सगळ्यात हाताशी सापडणारा माणूस म्हणजे दुसरा डॉक्टर. मग अँटिबायोटिकांबद्दल काय माहिती आहे, रुग्णाला हात लावण्याआधी हात धुता का, टीबीचा रुग्ण सापडला की कळवता का, असे वीस-पंचवीस प्रश्न येतात. पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या भाषेत हा ‘केएपी’ अभ्यास. माणसाला माहीत काय आहे, वाटतं काय आणि तो करतो काय, ही तिन्ही एकाच फॉर्ममधून काढायची. फॉर्म भरणारा रात्रभर कॉल ड्युटी करून मेसमध्ये पोह्यांपुढे बसलेला असतो. नेहमी, नेहमी, बहुतेकदा, नेहमी. सबमिट.

पुढे त्याचा आकडा होतो आणि बातमी येते की इतके टक्के डॉक्टर अमुक करतात. आकडा कुणी रचलेला नसतो. तो डॉक्टरांनी काय केलं याचा नसून काय सांगितलं याचा असतो, आणि बातमीत नेमका तेवढा भाग गळतो.

डॉक्टरांना विचारण्यातच काही अर्थ नाही, असं मात्र कुणी समजू नये. वैद्यकशास्त्राच्या सगळ्यात गाजलेल्या अभ्यासांपैकी एक याच पद्धतीने झाला. 1951 च्या ऑक्टोबरअखेर रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या सुमारे 59,600 डॉक्टरांना टपालाने प्रश्नावली पाठवली. ती मुद्दाम छोटी ठेवली होती: सिगारेट ओढता का, किती ओढता, सोडली असेल तर कधी. चाळीस हजारांहून जास्त डॉक्टरांनी उत्तरं धाडली. डॉक्टरच निवडले, कारण त्यांची नावं नोंदणीपुस्तकात होती, पत्ते ठाऊक होते आणि कुणी वारलं तर ते कळण्याची सोय होती. 1954 मध्ये पहिला निष्कर्ष आला. तोवर पस्तिशी ओलांडलेल्या पुरुष डॉक्टरांपैकी 789 जण वारले होते, त्यातले 36 फुप्फुसाच्या कर्करोगाने. हे छत्तीसच्या छत्तीस धूम्रपान करणारे. पन्नास वर्षं हा पाठपुरावा चालला. सिगारेट न सोडणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होतं, हे त्यातून 2004 मध्ये समोर आलं.

हे जमलं त्याची दोन कारणं मला दिसतात. 1951 मध्ये डॉक्टरने सिगारेट ओढण्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे लपवायचं कारणच नव्हतं. आणि उत्तर डॉक्टरने दिलं असलं तरी निकाल मृत्यूच्या दाखल्याने लावला. तरीही एक बारीक फट राहिलीच. सुरुवातीच्या काळात उत्तर देणाऱ्यांमधला मृत्युदर अपेक्षेपेक्षा कमी निघाला, कारण जे अंथरुणाला खिळलेले होते ते प्रश्नावली भरायच्या फंदातच पडले नव्हते. आपल्याकडच्या फॉर्मचंही तेच होतं. ग्रुपमध्ये चारशे डॉक्टर, फॉर्म भरला एकशे वीस जणांनी, आणि टक्केवारी निघते ती या एकशे विसांची. उरलेले दोनशे ऐंशी कॉलवर होते, कंटाळले होते, की त्यांना उत्तर द्यायचंच नव्हतं? अशा अभ्यासात मला निष्कर्षाच्या आधी हा भाग वाचावासा वाटतो, आणि तो बहुधा एका ओळीत उरकलेला असतो.

जिथे लाज वाटू शकते तिथला प्रश्न विचारला की चित्र पार बदलतं. मेलबर्नच्या एका बालरुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं की रुग्णाला तपासण्याआधी किती वेळा हात धुता? त्यांच्या स्वतःच्या अंदाजांची सरासरी 73 टक्के आली. मग कुणाच्या लक्षात न येता निरीक्षण केलं, तर प्रत्यक्षात 9 टक्के. हा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. हे डॉक्टर खोटारडे होते असं मला वाटत नाही. हात धुतल्याचं आठवतं, न धुतल्याचं आठवण्यासारखं त्यात काही नसतं. शिवाय समोर वही घेऊन कुणी उभं असेल तर माणूस जरा जास्तच नीट वागतो, म्हणून नुसतं बघायला जाण्यानेही आकडा फुगतो.

आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ‘जलदूत’ नावाच्या गाडीने. त्या उन्हाळ्यात लातुरात ‘हात नेहमी धुता का’ हा प्रश्न ज्ञानाचा राहिला नव्हता, टँकरचा झाला होता. पण प्रश्नावलीत पर्याय असतात नेहमी, बहुतेकदा, कधीकधी आणि कधीच नाही. ‘नळाला पाणी नाही’ हा पर्याय बाहेरून जशीच्या तशी उचललेली प्रश्नावली देणार कुठून?

प्रश्न जरा हुशारीने विचारला तर मात्र बरंच हाती लागतं. धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना ‘तुम्ही टीबीचे उपचार बरोबर करता का’ असं न विचारता, रुग्ण आला तर काय औषधं द्याल, असं विचारलं गेलं. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर डॉक्टरांच्या उत्तरांतून औषधांचे 80 वेगवेगळे मेळ निघाले. टीबीचे उपचार ठरलेले असतात: कोणती औषधं, किती डोस, किती महिने. ते चुकले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. पुढे झरीर उदवाडिया यांनी मुंबईत हाच प्रयोग पुन्हा केला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 106 डॉक्टरांनी 63 तऱ्हांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि बिनचूक चिठ्ठी फक्त सहा जणांना जमली. ‘बरोबर करता का’ असं विचारलं असतं तर बहुतेकांनी मान डोलावली असती.

पण चिठ्ठी लिहायला लावली तरी ती परीक्षाच. खऱ्या रुग्णापुढे तोच डॉक्टर तसाच वागेल याची हमी काय? दिल्लीतला एक अभ्यास 2015 मध्ये आला, तो याबाबत मला सगळ्यात बोलका वाटतो. माणसांना प्रशिक्षण देऊन रुग्णाचं सोंग घ्यायला शिकवलं: दोन-तीन आठवडे खोकला, ताप, म्हणजे टीबीचा संशय यावा अशीच लक्षणं. हे सोंगाडे रुग्ण खासगी दवाखान्यांत गेले. डॉक्टरांची संमती आधी घेतलेली होती. यांतल्या 69 जणांना नंतर तीच केस कागदावरही दिली. कागदावर 50 जणांनी छातीचा एक्स-रे किंवा थुंकीची तपासणी सांगितली. तीच तक्रार घेऊन माणूस समोर बसला होता तेव्हा ती फक्त सात जणांनी सांगितली होती. यात एमबीबीएस नसलेलेही होते, पण कागद आणि माणूस यांतलं अंतर त्याने पुसलं जात नाही. पुढे मुंबई आणि पाटण्यात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, 2,600 च्या आसपास भेटी झाल्या आणि सुमारे 35 टक्के भेटींत रुग्णाला योग्य ती वागणूक मिळाली.

पन्नास जणांना ठाऊक होतं आणि सात जणांनी केलं, तर मधल्या त्रेचाळिसांना आणखी शिकवून काय होणार? आपल्याकडे अशा अभ्यासाच्या शेवटी हमखास एक वाक्य असतं: ‘डॉक्टरांसाठी कार्यशाळा घेणे आवश्यक आहे.’ कार्यशाळेने अज्ञान जातं, अडचण जात नाही. गंगाखेडच्या किंवा घनसावंगीच्या दवाखान्यात बसून बघा. बाहेर पस्तीस माणसं. बाई पहाटेच्या एसटीने आलेली, दुपारच्या गाडीने परत जायचंय, सोबतचा माणूस रोजगार बुडवून आलेला. ‘डॉक्टरसाहेब, सलाईन लावा, अंगात ताकदच नाही राहिली.’ थुंकीच्या तपासणीसाठी उद्या पुन्हा या म्हटलं तर ती उद्या शेजारच्या दवाखान्यात जाईल, हे डॉक्टरला पक्कं माहीत असतं. यातलं काहीच केएपीच्या फॉर्ममध्ये मावत नाही.

म्हणून अलीकडे डॉक्टरांना न विचारता केस पेपर उघडण्याकडे कल वाढलाय. देशाच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने 2021-22 मध्ये 20 मोठ्या रुग्णालयांत अँटिबायोटिकांचं असं सर्वेक्षण केलं. रीत साधी आहे. एक दिवस ठरवायचा, सकाळी आठला जे रुग्ण वॉर्डात दाखल आहेत तेवढेच मोजायचे, खाटेखाटेने जाऊन पेपर बघायचा आणि उतरवून घ्यायचं: अँटिबायोटिक चालू आहे का, कोणतं, कशासाठी, कल्चर (जंतू ओळखण्यासाठीचा नमुना) पाठवलं होतं का. 9,652 रुग्णांपैकी 71.9 टक्के अँटिबायोटिकवर निघाले. ही औषधं ज्यांना चालू होती त्यांतल्या 55 टक्क्यांना ती झालेल्या संसर्गासाठी नव्हतीच, होऊ नये म्हणून दिलेली होती. आणि संसर्गासाठी दिलेल्यांमध्येही, नेमका जंतू ठरल्यावर त्याच्यासाठी निवडलेलं औषध अवघ्या सहा टक्क्यांच्या आसपास. डॉक्टरांना फॉर्म पाठवून हे आकडे कधीच मिळाले नसते. बहुतेकांनी ‘गरज असेल तरच देतो’ असं लिहिलं असतं, आणि मनापासून लिहिलं असतं.

केस पेपर तरी काय, रात्री तीन वाजता इंटर्नने लिहिलेला असतो. ‘सीव्हीएस एनएडी, आरएस एनएडी’, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं तपासली आणि काही दोष आढळला नाही. छातीला स्टेथोस्कोप लागला होता की नाही, हे त्या चार अक्षरांवरून कळत नाही. औषधांच्या बाबतीत पेपर बराच खरा, कारण त्यावरूनच सिस्टर औषध देते. तपासणीच्या बाबतीत तेवढा नाही.

रुग्णालयात पोचलेल्यांचाच हिशेब ठेवण्यातली अडचण त्याहून मोठी आहे. साप चावण्याचं बघा. रात्री घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दुखत जवळजवळ नाही, पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. परभणी-हिंगोलीकडच्या वॉर्डातल्या डॉक्टरला विचारलं तर तो त्याच्यापर्यंत आलेले रुग्ण सांगेल. देशभरच्या एका मोठ्या पाहणीत उलट्या बाजूने सुरुवात केली: मृत्यू झालेल्या घरी जायचं, शेवटचे दिवस कसे गेले ते घरच्यांकडून ऐकून लिहायचं, आणि ते टिपण दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचून मृत्यूचं कारण ठरवायचं. त्यातून 2005 साली सर्पदंशाचे सुमारे 45,900 बळी निघाले, आणि त्यातले 77 टक्के कुठल्याही दवाखान्याबाहेर. चारातले तीन मृत्यू डॉक्टरच्या नजरेलाच पडले नव्हते, तर त्याला विचारून ते सापडणार कसे? (विंचवाची गोष्ट वेगळी. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे हिंमतराव बावस्कर महाडकडे गेले आणि लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण खाटेशी बसून तपासत, लिहीत राहिले. प्राझोसिनच्या गोळीने हे मृत्यू टळतात, हे त्यातूनच निघालं. प्रश्नावली कुठेच नाही.)

आणि बीड. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्यावर राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. यावेळी प्रश्न बायकांना विचारले. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास सतरा टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये देशभराचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांची वयं सारखी नाहीत, त्यामुळे नुसता भागाकार करून ‘साडेपाच पट’ म्हणणं घाईचं ठरेल, पण एवढा फरक वयाने झाकला जाईल असं मला वाटत नाही. आता हेच डॉक्टरांना फॉर्म पाठवून विचारलं असतं तर? प्रत्येक शस्त्रक्रियेमागे कारण लिहिलेलं आहेच: अंगावर पांढरं जाणं, रक्तस्राव, सूज. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य मात्र कुठल्याही पेपरवर नसतं. ते बाईला आठवतं. फडावर खाडा पडला की पैसे कापले जातात, उचल फिटलेली नसते, पाळीच्या दिवसांत पाण्याची सोय नसते, हेही तिच्याकडूनच कळतं.

एमडीला विषय शोधणाऱ्यांना यातून एक सुचवावंसं वाटतं. हात धुण्यावर अजून एक फॉर्म काढण्याआधी रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये जाऊन या. हाताला चोळायच्या निर्जंतुक द्रावाचा खप दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, तो एक रुग्णदिवस) निदान 20 लिटर असावा, असा मापदंड जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांच्या स्वयंतपासणीत धरला आहे. एका वेळी तीन मिलिलिटर धरले तर एका रुग्णामागे दिवसाला जेमतेम सहा-सात वेळा हात चोळले जातील, म्हणजे हा काही फार चैनीचा हिशेब नव्हे. हजार खाटा भरलेल्या रुग्णालयाला त्यानुसार महिन्याला 600 लिटर लागतील. कोणत्या वॉर्डाने किती बाटल्या उचलल्या, हे इंडेंट बुकात, म्हणजे मागणीच्या वहीत, तारखेसकट लिहिलेलं सापडेल. आयसीयू आणि मेडिसिनचे वॉर्ड आधी काढा, आणि ज्या महिन्यांत पुरवठाच आला नव्हता ते महिने वेगळे ठेवा.