केळ्यातलं पोटॅश आणि मूत्रपिंडाचा हिशेब

‘रोज दोन केळी खा आणि बीपीच्या गोळ्या फेकून द्या’ हा मेसेज आपल्या जळगाव जिल्ह्यात जरा जास्तच आवडीने पुढे ढकलला जातो. रावेर-यावलच्या माणसाला आपल्या मालाचं कौतुक कुणी सांगितलं तर तो नको कशाला म्हणेल? गोळ्या फेकायचा सल्ला जीवघेणा आहे, हे आधीच सांगतो. दोन केळ्यांची गोष्ट मात्र अगदीच वाऱ्यावरची नाही.

मीठ खाल्लं की रक्तदाब वाढतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण शरीरात किती मीठ ठेवायचं आणि किती लघवीतून सोडायचं, हे ठरवतं मूत्रपिंड. आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मीठ असतं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक पुन्हा रक्तात ओढून घेतलं जातं. बहुतेक काम मूत्रपिंडातल्या बारीक नलिकेच्या सुरुवातीच्या भागातच उरकतं. बारीक हिशेब होतो तो पुढच्या, दूरच्या वळणदार भागात. तिथल्या पेशींवर सोडियम आणि क्लोराइड जोडीने आत घेणारं एक प्रथिन असतं, नाव एनसीसी (कॉलेजातल्या परेडशी संबंध नाही). रक्तदाबासाठी वर्षानुवर्षं दिल्या जाणाऱ्या थायझाइड गोळ्या याच प्रथिनाला अडवतात.

आता खरी गंमत. हे प्रथिन चालू ठेवायचं की बंद, हे रक्तातल्या पोटॅशियमवर ठरतं. पोटॅशियम कमी झालं की त्या पेशीच्या आवरणावरचा ऋण विद्युतदाब वाढतो. क्लोराइडही ऋणभारित, त्यामुळे ते पेशीबाहेर ढकललं जातं. एरवी हे क्लोराइड ‘विंक’ नावाच्या एका विकराला (एन्झाइमला) चिकटून त्याला गप्प बसवत असतं. क्लोराइड गेलं की विंक मोकळा होतो, तो ‘स्पाक’ या दुसऱ्या विकराला जागं करतो, स्पाक एनसीसीवर फॉस्फेट चढवतो आणि मीठ ओढणं जोरात सुरू होतं. विंकच्या जनुकांत बिघाड असलेल्या काही कुटुंबांत रक्तदाब उपजतच चढा असतो, हे २००१ साली कळलं आणि ही साखळी उलगडायला लागली. उंदरांना पोटॅशियम पाजलं तर अर्ध्या तासाच्या आत एनसीसीवरचे फॉस्फेट उतरतात आणि मीठ लघवीत जाऊ लागतं.

शरीर असं का करतं? नलिकेच्या आणखी पुढच्या भागात सोडियम आत घेताना पोटॅशियम बाहेर सोडलं जातं. म्हणून पोटॅशियमचा तुटवडा असेल तर सोडियम तिथवर पोचूच द्यायचं नाही, आधीच अडवायचं. पोटॅशियम वाचतं, पण त्याची किंमत रक्तदाबाच्या रूपात मोजावी लागते. कंदमुळं-पाला खाणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा सौदा फारसा महाग पडत नसणार. आपल्या ताटात शेवभाजी, लोणचं, पापड आणि बिबड्या एकदम येतात. पापडखारातही सोडियमच असतं, ते कुणी मोजतच नाही.

चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले, रक्तदाब असलेले हे लोक. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ, निम्म्यांत चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं. पाचेक वर्षांत दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. त्यांच्या लघवीत रोज सुमारे ८०० मिलिग्रॅम पोटॅशियम जास्त आढळलं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दोन केळी! फक्त या लोकांचं सोडियमही त्याच वेळी कमी झालं होतं, आणि मेसेज नेमकं तेच गाळतो. केळीचे खारे वेफर्स खाऊन हा हिशेब जुळणार नाही. सैंधव मिठानेही नाही. गुलाबी असलं तरी ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, आणि त्यात बहुधा आयोडीनही नसतं.

पोटॅशियम केळ्याचीच मक्तेदारी नाही. डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे, बटाटा, सगळ्यांत ते आहे. मधुमेहाच्या माणसाला तेच बरे. भरताचं वांगं भाजल्याने ते कुठे जात नाही; भाजी उकडून पाणी ओतून दिलं की जातं.

पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपण केळीला घालतो ते म्युरेट ऑफ पोटॅश खत. (गोणीतलं खायचं नसतं, हे लिहावं लागू नये.) मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. अशांनी किराणा दुकानातून ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्यावं. साध्या रक्ततपासण्या आहेत, तालुक्याच्या लॅबमध्ये होतात.