कृपादाने

ख्रिस्ती श्रद्धेनुसार पवित्र आत्म्याकडून मंडळीच्या (ख्रिस्ती समुदायाच्या) हितासाठी व्यक्तीला लाभणाऱ्या क्षमता. ‘आध्यात्मिक दाने’, ‘पवित्र आत्म्याची दाने’ अशीही नावे रूढ आहेत. यशया ११:२ वर आधारलेल्या आणि कॅथलिक परंपरेत दृढीकरण संस्काराशी जोडलेल्या सात दानांशी मात्र त्यांची गल्लत करू नये. (हिब्रू पाठात ती सहाच भरतात, भक्तीचे सातवे दान ग्रीक व लॅटिन भाषांतरांतून आले.)

मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’ हा ‘खारिस’ म्हणजे कृपा यावरून साधला आहे. नव्या करारात तो १७ वेळा येतो. त्यांपैकी १६ वेळा प्रेषित पौलाच्या नावावरील पत्रांत आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात (४:१०). पौलापूर्वी तो प्रचारात होता काय, याविषयी मतभेद आहेत. सिराख या यहुदी ज्ञानग्रंथाच्या काही ग्रीक हस्तलिखितांत तो आढळतो, पण तेथील पाठ निश्चित नाही. यहुदी तत्त्वज्ञ फायलोच्या लेखनातील उल्लेखांबाबतही शंका घेतल्या गेल्या आहेत. शब्द पौलानेच घडवला, असे म्हणणे त्यामुळे धाडसाचे ठरेल. त्याला धर्मशास्त्रीय वजन त्याने दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याचा वापरही एकसारखा नाही : रोमकरांस पत्रात (६:२३) सार्वकालिक जीवनच ‘खारिस्मा’ आहे.

करिंथकरांस पहिले पत्र (सु. ५३–५५) याच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभीचा शब्द वेगळा आहे, ‘प्नेउमातिकोन’. व्याकरणदृष्ट्या त्याचा अर्थ ‘आध्यात्मिक गोष्टींविषयी’ किंवा ‘आध्यात्मिक माणसांविषयी’ असा दोन्ही होऊ शकतो. १४:१ मध्ये तोच शब्द निःसंशय नपुंसकलिंगी असल्याने बहुतेक भाषांतरे पहिला अर्थ घेतात. हा करिंथकरांचा आवडता शब्द असावा आणि पौलाने चौथ्या वचनापासून जाणूनबुजून ‘खारिस्मा’ पुढे आणला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर भर माणसाच्या सामर्थ्यावरून देणाऱ्याच्या कृपेवर सरकतो.

दानांच्या याद्या (१ करिंथ १२, रोम १२, इफिस ४) परस्परांशी जुळत नाहीत, त्या नमुन्यादाखल असाव्यात. रोगमुक्ती व अन्य (अपरिचित) भाषांत बोलणे यांच्याच पंगतीत व्यवस्थापनही बसते. त्यासाठी वापरलेला ‘कुबेर्नेसिस’ हा शब्द मुळात जहाजाचे सुकाणू धरण्याचा आहे.

दान खरे की खोटे, हे कसे ओळखावे? पौलाच्या कसोट्या तीन : येशूला प्रभू म्हणून कबुली, सर्वांचे हित आणि संदेष्ट्याच्या बोलण्याची इतरांनी केलेली पारख (१ करिंथ १४:२९). येथे निवाडा दान मिळालेल्याकडे नाही, हे लक्षणीय आहे. कृपा दुसऱ्याने ओळखल्याचे एक उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांत (११:२२–२६) आहे : आरंभीच्या मंडळीतील प्रचारक बर्णबा अंत्युखियास पोहोचतो, तेथील लोकांवर झालेली देवाची कृपा पाहून हर्षतो आणि शौलाला (म्हणजेच पौलाला) शोधायला तार्ससला जातो; मग दोघे वर्षभर तेथे शिकवतात. सर्वसाधारणपणे इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानला जाणारा ‘दिदाखे’ हा ख्रिस्ती आचारग्रंथ अधिक रोखठोक आहे : आत्म्याच्या संचारात जेवण मांडायला सांगून स्वतःच पानावर बसणारा, किंवा पैसे मागणारा संदेष्टा खोटा समजावा.

दुसऱ्या शतकात फ्रिजियात (आजच्या तुर्कस्तानात) उदयास आलेल्या, संदेष्ट्यांच्या वाणीवर भर देणाऱ्या माँटानसच्या चळवळीनंतर (आरंभाचे वर्ष विवाद्य) संदेष्ट्यांकडे अधिक संशयाने पाहिले जाऊ लागले. चौथ्या शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील मजकूर दुर्बोध असल्याचे नमूद करतो, कारण त्यात वर्णिलेल्या गोष्टी आता घडत नाहीत. प्रेषितांच्या काळानंतर चमत्कारदर्शक दाने थांबली, हे मत अमेरिकन प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ बेंजामिन वॉरफील्ड यांनी १९१८ मध्ये विस्ताराने मांडले. अशा दानांवर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल चळवळीला चालना देणाऱ्या, लॉस अँजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील जागृतीला (१९०६) तेव्हा बारा वर्षे झाली होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कृपादाने सर्व स्तरांतील श्रद्धावंतांना मिळतात असे सांगून त्यांच्या खरेपणाचा निर्णय धर्माधिकाऱ्यांकडे ठेवला, आणि त्याच वाक्यात त्यांनी आत्म्याला विझवू नये असेही बजावले.

समाजशास्त्रातील ‘करिश्मा’ हा शब्द माक्स वेबर यांनी चर्चच्या कायद्याचे अभ्यासक रुडॉल्फ झोम यांच्याकडून घेतला. त्यात देणाऱ्याचा उल्लेख उरलेला नाही.